अंडी स्वस्त झाल्याचा पुरावा

दुसरा एखादा नवरा असता तर "बघू" म्हणाला असता आणि पेपरात तोंड घालून बसला असता. बायकोने घरखर्चाला पैसे वाढवून मागितले की असंच करायचं, ही पिढ्यानपिढ्यांची रीत आहे आणि तिने आजवर कुठल्या नवऱ्याचं फारसं वाकडं झालेलं नाही. पण त्या शनिवारी संध्याकाळी दशांशरावांनी ठरवलं, की नुसतं नाही म्हणायचं नाही. नाही हे सिद्ध करून दाखवायचं. तिथेच सगळं बिघडलं.

दशांशराव हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत ते पगार विभागाचे हेडक्लार्क होते, आणि त्यांना किती वाजले विचारलं तरी ते दोन दशांश स्थळांपर्यंत सांगतील, असं ऑफिसात म्हणत. ऑफिसात हे नाव त्यांच्या पाठीमागे घेत. घरी बायको तोंडावर घेई, पण फक्त चिडल्यावर.

"महागाई कुठच्या कुठे गेलीय, दशांशराव," ती पिशवीतले बटाटे टोपलीत टाकत म्हणाली. टोपलीचा तळ काही झाकला गेला नाही.

"महागाई ही भावना आहे," दशांशराव म्हणाले. "माणसाला जुने भाव आठवतात. जुना पगार आठवत नाही."

"मला दोन्ही आठवतात. भागत नाही, एवढंच सांगतेय."

"मग आकडे काढू."

आकडे काढायला त्यांच्याकडे साधनसामग्री होती. नोकरी लागल्यापासूनच्या चोवीस वर्षांच्या पगाराच्या चिठ्ठ्या त्यांनी पत्र्याच्या पेटीत क्रमवार लावून ठेवल्या होत्या, आणि पहिल्या वर्षीच्या दुकानाच्या पावत्याही. (माणसं प्रेमपत्रं जपून ठेवतात. दशांशरावांना ती कोणी लिहिली नव्हती.) रविवारी दुपारपर्यंत ते त्या पेटीत कमरेपर्यंत बुडाले होते. त्यांची युक्ती तशी बिनचूक होती. वस्तूची किंमत पैशात मोजायचीच नाही. ती विकत घ्यायला किती मिनिटं काम करावं लागतं, ते मोजायचं. डझनभर अंडी : तेव्हा बावन्न मिनिटं, आता एकतीस. विजेचा दिवा : तेव्हा चाळीस, आता बावीस. रेडिओ : तेव्हा अकरा दिवस, आता दोन. शेवटी त्यांनी एक तळटीपही दिली : "शर्ट पूर्वी दोन वर्षं टिके, आता पाच वर्षं टिकतो. मालाचा दर्जा सुधारला आहे." खाली सही केली, तारीख घातली आणि तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटवला.

बायकोने तो उभ्याउभ्या वाचला.

"यात घरभाडं कुठे आहे?"

"ती वस्तू नाही."

"डॉक्टर?"

"ती सेवा झाली."

"पोरीच्या शाळेची फी?"

"ती गुंतवणूक." दशांशरावांनी खुर्चीत मागे रेलून घेतलं. "आपण श्रीमंत झालो आहोत. तुला ते जाणवत नाही, एवढंच."

यावर ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने घरखर्चाचं पाकीट आणून त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "एक तारखेपासून घर तुम्ही चालवा. तेवढ्याच पैशात. शिल्लक राहील ती तुमची."

शिल्लक हा शब्द ऐकून दशांशरावांचे डोळे चमकले, आणि तसं सांगायला हरकत नाही, कारण पुढे महिनाभर ते पुन्हा चमकले नाहीत.

सोमवारी तक्त्याची एक प्रत घेऊन ते ऑफिसात गेले. स्टोअरकीपरला दाखवावी, एवढाच हेतू. पंधरा वर्षं दोघं एकाच टेबलावर डबा खात होते. स्टोअरकीपरने वाचून कागद परत सरकवला.

"माझ्या घरी हे लावू नका," तो म्हणाला. "पगारवाढीचा अर्ज दिलाय आम्ही. वीस तारखेला मॅनेजरसाहेब सगळ्यांना बोलावणार आहेत. असले कागद आत्ता बाहेर काढायचे नसतात."

"हे नुसतं गणित आहे."

"तेच म्हणतोय."

इतक्यात मॅनेजरसाहेब हात धुवायला तिकडून जात होते. ते थांबले. त्यांनी कागद उचलला, दोनदा वाचला आणि विचारलं, "हा मी ठेवून घेऊ?" चोवीस वर्षांत साहेबांनी दशांशरावांच्या हातून रजेच्या अर्जाशिवाय दुसरा कागद घेतला नव्हता. दशांशराव उठून उभे राहिले. "अवश्य साहेब," ते म्हणाले, आणि त्या भरात डब्याचं झाकण खाली पाडलं. स्टोअरकीपरने ते उचलून दिलं नाही.

पहिली तारीख उजाडली. पहिला आठवडा दशांशरावांनी लढाईवर निघाल्यासारखा काढला. दुसऱ्या आठवड्यात ते वाण्याशी हुज्जत घालू लागले.

"साबणाचा भाव तोच आहे ना?"

"तोच. दोन वर्षं बदललेला नाही," वाणी म्हणाला.

"मग मधे हा खळगा कसला?"

"तो धरायला सोपा जावा म्हणून केलाय."

"आणि बिस्किटं? पाकीट तेवढंच, आत चार कमी."

"साहेब, भाव वाढवला की गिऱ्हाईक बोलतं. बिस्किटं कमी केली की बोलत नाही. आज पहिल्यांदा कोणी बोललं." वाणी त्यांच्याकडे जरा आदराने पाहू लागला. "बाईसाहेबांनाही कळलं होतं बहुतेक. त्यांनी बिस्किटं घेणंच सोडलं."

पंधरा तारखेला मुलीचा कान दुखू लागला. डॉक्टरने कानात बॅटरी मारून एक मिनिट पाहिलं आणि फी सांगितली. दशांशरावांनी तिथल्या तिथे मनात हिशोब केला : त्या एका मिनिटाला त्यांची तीन तास दहा मिनिटं गेली होती. औषध वेगळं. त्या रात्री त्यांनी पाकिटात बोट घातलं तेव्हा ते तळाला टेकलं. पुढचे चार दिवस त्यांनी घरात अंडी शिजवली, कारण तक्त्याप्रमाणे अंडीच सर्वांत स्वस्त झाली होती.

"बाबा," मुलगी चौथ्या दिवशी ताटाकडे बघत म्हणाली, "आपण श्रीमंत झालोय हे शाळेत सांगितलं तर चालेल का?"

एकोणीस तारखेला दशांशरावांनी हात टेकले. मुलगी झोपायला गेल्यावर त्यांनी बायकोला खालच्या आवाजात विचारलं, "तू कसं भागवायचीस?"

उठून तिने कपाटाचा खालचा कप्पा उघडला. आत बारा-तेरा पँट्स घडी करून ठेवल्या होत्या, प्रत्येकीला टाचणीने चिठ्ठी लावलेली. त्यातली एकही पँट दशांशरावांची नव्हती.

"कोपऱ्यावरच्या लाँड्रीचं काम आहे," ती म्हणाली. "पायाची पट्टी आत दुमडून शिवायची. तुम्ही ऑफिसात असता तेव्हा करते. दोन ते चार."

"कधीपासून?"

"ही शाळेत जायला लागली तेव्हापासून. अकरा वर्षं होतील."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला जो विचारायला नको होता, पण ज्याच्याशिवाय त्यांना राहवेना. "एका पँटमागे किती देतो?"

तिने आकडा सांगितला.

"आणि अकरा वर्षांपूर्वी?"

"तेवढेच."

हे गणित करायला दशांशरावांना कागद लागला नाही. चोवीस वर्षांच्या चिठ्ठ्या त्यांनी काढल्या होत्या, पण घरातला दुसरा पगार त्यांनी मोजलाच नव्हता, कारण तो आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं. "सांगितलं का नाहीस?" ते म्हणाले.

"सांगितलं असतं तर तुम्ही घरखर्चातून तेवढे कमी केले असते."

त्यांनी ते खरंच केलं असतं. तिने कप्पा बंद केला, आणि मग, मूठभर माती टाकावी तशी, पुढची गोष्ट सांगितली. "आणि ते शर्टाचं तेवढं खोडा. दर्जाबिर्जा काही सुधारलेला नाही. कॉलर झिजली की मी उसवून उलटी लावते."

दशांशरावांनी अंगातल्या शर्टाची कॉलर बोटांनी चाचपली. एका बाजूला शिलाई हाताला लागत होती. पाच वर्षं ते रोज ती गळ्याभोवती घालून ऑफिसला जात होते.

सकाळी ते लवकर निघाले. तो कागद साहेबांकडून काढून घ्यायचा, असं त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. पण तारीख वीस होती, सभा सकाळचीच होती, आणि ते पोचले तेव्हा चाळीस माणसं उभी होती. मॅनेजरसाहेबांच्या हातात तक्ता होता. त्यांनी अंडी वाचली, दिवा वाचला, रेडिओ वाचला. तळटीप तर दोनदा वाचली.

"हे कंपनीने काढलेले आकडे नाहीत," ते म्हणाले. "तुमच्यातल्याच एका जबाबदार माणसाने, स्वतःच्या घरच्या पावत्यांवरून काढलेले आहेत. खाली सही आहे. तेव्हा यंदा वाढीचा विचार करण्याचं कारण दिसत नाही."

चाळीस डोकी मागे वळली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दशांशरावांनी तर हाताखाली सहीसुद्धा केली होती. त्या दुपारी ते डबा घेऊन टेबलाशी गेले तेव्हा स्टोअरकीपर आपला डबा घेऊन उठला. "तुमच्याकडे अंडी असतील ना," तो म्हणाला. "खा."

अंडीच होती.

त्या आठवड्यात दशांशरावांनी दुसरा तक्ता केला. या वेळी भाडं घेतलं : तेव्हा सहा दिवसांचं काम, आता साडेअकरा. डॉक्टर घेतला, फी घेतली, खळग्याचा साबण वजन करून घेतला, उलटी कॉलर घेतली. सगळं धरून त्यांचा पगार चोवीस वर्षांत एकतीस टक्क्यांनी घटला होता. सोमवारी ते साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहिले.

साहेबांनी शांतपणे वाचलं. "मग पहिला तक्ता चुकीचा होता?"

"अपुरा होता साहेब."

"सही कोणाची होती?"

"माझी."

"म्हणजे पगार विभागाच्या हेडक्लार्कला हिशोब येत नाही, असं मी समजायचं का?"

असं आपण म्हणत नाही, एवढंच दशांशरावांना म्हणता आलं. तक्ता मात्र त्यांनी परत घेतला नाही. बाहेर येऊन त्यांनी त्याची एक प्रत स्टोअरकीपरच्या टेबलावर ठेवली. त्याने तो खणात ठेवला.

पुढच्या आठवड्यात त्या कागदाच्या चाळीस प्रती निघाल्या, माणसांनी तीन दिवस यंत्रं बंद ठेवली, आणि कंपनीने चार टक्के वाढ दिली. करार टाईप करायचं काम पगार विभागाकडे आलं. दशांशरावांनी तो स्वतः तपासला. कलम सहा त्यांनी चार वेळा वाचलं : हेडक्लार्क आणि त्यावरचे कर्मचारी व्यवस्थापनाचा भाग असल्याने त्यांना ही वाढ लागू नाही. टायपिंगची एकही चूक नव्हती.

स्टोअरकीपर त्या दुपारी टेबलावर परत आला. "तुमचंही व्हायला हवं होतं," तो म्हणाला, आणि डबा उघडून जेवू लागला. त्यात तितकंसं दुःख दिसलं नाही.

दशांशरावांनी घरी सगळं सांगितलं आणि पाकीट बायकोच्या हाती परत दिलं. मग जरा घुटमळून म्हणाले, "लाँड्रीवाल्याकडे आणखी काही काम असेल तर बघ. संध्याकाळी मी मोकळाच असतो."

"तुम्हाला शिवता कुठे येतं?"

"बटणं लावीन."

ती हसेल असं त्यांना वाटलं, पण ती हसली नाही. सुईत दोरा ओवून दिला. आठवडाभर दशांशराव दिव्याखाली मान मोडून बसले. सात कोटांना एकूण बेचाळीस बटणं. बोटं टोचून घेतली, पण एकही बटण राहू दिलं नाही.

शनिवारी सातही कोट परत आले. वरच्या कोटाला टाचणीने चिठ्ठी लावली होती. मुलीने ती मोठ्याने वाचली :

"बाई, तुमचं काम उत्तम असतं. पण बटणं लावायला मुलीला बसवत जाऊ नका. तिचं अजून शिकायचं वय आहे."

"तू लाँड्रीवाल्याला खरं काय ते सांग," मुलगी रडकुंडीला येऊन आईला म्हणाली. "माझं नाव खराब होतंय."

बायको बेचाळीस बटणं उसवायला बसली होती. तिने दोरा दातांनी तोडला आणि म्हणाली, "राहू दे गं. तुझं लग्नकार्य, नोकरी, सगळं पुढे आहे, तुझं भरून निघेल. त्यांचं या वयात कुठून भरून निघणार?"