विदाऊटचा सोमवार

आधीच माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी गेलो तोही विज्ञान शाखेला. माणसावर लिहायचं कसं हे मला कोणी शिकवलेलं नाही. शिवाय ज्यांच्यावर लिहितोय त्या निकम काकांना हे कळलं, तर ते आधी विचारतील, "कोणी सांगितलं तुला लिहायला?" कोणीच नाही, असं मी म्हणेन. त्यावर ते म्हणतील, "असं सगळेच म्हणतात."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दुसरं त्याहून लहान आहे: "दाखवा."

निकम काका मनमाडला रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी सगळं जग अजून डब्यातच बसलेलं आहे आणि त्यातलं निम्मं विनातिकीट आहे. नाशिकला सिडकोतल्या त्यांच्या घराच्या गच्चीवरची खोली मी भाड्याने घेतली, तेव्हा त्यांनी आधार कार्ड बघितलं, कॉलेजचं ओळखपत्र बघितलं, आणि मग कळवणहून आलो त्या बसचं तिकीट मागितलं. ते मी स्टँडवरच फेकलं होतं.

"मग आलास कसा?"

"बसनेच, काका."

"असं सगळेच म्हणतात."

घरात काका आणि त्यांची कुत्री, दोघंच. तांबूस रंगाची, एक कान पडलेला. निवृत्तीच्या दिवशी मनमाडच्या फलाटावरून ती काकांच्या आणि काकूंच्या मागे डब्यात चढली. काका तिला हाकलत होते आणि काकू मागून बिस्किट दाखवत होत्या. नाशिकरोडला तिघं उतरले. अशी तिकिटाशिवाय आली म्हणून तिचं नाव विदाऊट. काकूंना मी पाहिलेलं नाही. त्या जाऊन सहा वर्षं झाली.

यंदा जानेवारीत विदाऊटला मोटारसायकलने उडवलं आणि तिच्या मागच्या पायाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर मॅडमनी दुखण्यावर गोळी दिली. रोज सकाळी अर्धी, पोटभर जेवणानंतरच. उलटी झाली, शी काळी दिसली किंवा खाणं सोडलं, तर गोळी थांबवून लगेच कळवायचं.

गोळ्यांच्या खोक्यात इंग्रजी माहितीचा कागद होता. काकांनी तो माझ्याकडून वाचून घेतला. मला फार बरं वाटलं. आपल्या शिक्षणाचा कोणालातरी उपयोग होतोय असं वाटलं. मग खाली उतरताना दिसलं की तोच कागद ते शेजारच्या चव्हाण काकूंच्या सुनेकडूनही वाचून घेत होते.

"मी चुकीचं वाचलं का काका?"

"दोघांची जबानी जुळली पाहिजे."

जुळली. तेव्हा कुठे पहिली गोळी निघाली.

गोळी द्यायची पद्धत अशी. मी विदाऊटला धरायचं. काकांनी गोळी चपातीच्या तुकड्यात लपवायची. विदाऊटने तुकडा हुंगून काकांकडे बघायचं, काकांनी विदाऊटकडे. एकमेकांवर इतका अविश्वास मी दोन जिवांत कधी पाहिला नाही. शेवटी ती तुकडा गिळायची आणि काका म्हणायचे, "दाखव." ती तोंड उघडायची! जिभेखाली, गालात, सगळीकडे काकांचं बोट फिरायचं. पहिल्या दिवशी गालात गोळी सापडलीच. "बघितलंस? सगळे सारखेच," काका म्हणाले. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता, कौतुक होतं.

त्यानंतर काका कपाटातून तिकिटाला भोक पाडायचा जुना चिमटा काढायचे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पानाला त्या तारखेत भोकं पाडायचे. वरचं भोक म्हणजे जेवण झालं, खालचं म्हणजे गोळी दिली. चिमट्याचा कट्‌ असा आवाज आला की विदाऊट शांत झोपायची.

एकदा चव्हाण काकू स्वतःच्या गुडघ्याची गोळी घेऊन आल्या. "भाऊ, मला हिने लगेच उतार पडतो. मुक्या जनावराला किती दिवस कण्हायला लावता?"

काकांनी गोळी उजेडात धरली. "तुम्हाला हिचं काय वाकडं करायचंय?"

"अहो, मी मायेने आणली!"

"असं सगळेच म्हणतात."

चव्हाण काकू चार दिवस बोलल्या नाहीत. मी डॉक्टर मॅडमना सहज विचारलं, तर त्या दचकल्याच. माणसांची दुखण्याची गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते म्हणाल्या. हे मी काकांना सांगायला नको होतं. त्यांचा स्वतःच्या संशयावरचा विश्वास दुप्पट झाला.

दुसऱ्या आठवड्यात, सोमवारी दुपारी, विदाऊटने उलटी केली. मॅडमना फोन केला, तो लागला नाही. मंगळवारी सकाळी तिची शी डांबरासारखी काळी होती. तिने दुधाकडेही बघितलं नाही. आम्ही तिला रिक्षातून दवाखान्यात नेलं. मॅडमनी सलाईन लावलं, गोळी बंद केली. म्हणाल्या, पोटात रक्त जातंय, दोन-तीन दिवस काही सांगता येणार नाही.

"रिकाम्या पोटी दिली होती का गोळी?"

"शक्य नाही," काका म्हणाले. "मी स्वतः पंच केलंय."

परत येताना काका रिक्षात गोळ्यांचं खोकं उलटसुलट करून बघत राहिले. घरी आल्यावर म्हणाले, "गोळी बदललेली आहे."

"कोणी, काका?"

"मेडिकलवाला असेल. चव्हाणबाई असेल." मग माझ्याकडे बघितलं. "माझ्या घरात रोज येणारा तर तूच एक."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी भिंतीकडे तोंड केलं. समोर कॅलेंडर होतं. खिडकीतून वारा आला, पान उचललं गेलं, आणि भोकांतून ऊन आलं. प्रत्येक तारखेत दोन ठिपके. दोन तारखांत मात्र एकच, खालचा. दोन्ही सोमवार.

"काका, सोमवारी वरचं भोक नाही."

"असं सगळेच..." म्हणत ते उठले, चष्मा लावला आणि पानापाशी उभे राहिले. एकेका तारखेवर बोट ठेवत गेले.

"सोमवारी उपास असतो आमचा," ते म्हणाले. "संध्याकाळी सोडतो. मी जेवल्याशिवाय ती ताटलीला तोंड लावत नाही. गोळी केळ्यातून दिली. फराळ झालाच की."

तेव्हा मला आठवलं. त्या दोन्ही सोमवारी तिला धरायला मीच होतो. केळ्याचा एवढासा तुकडा मी पाहिला होता. आमच्याकडेही आई उपासाला केळं खाऊन दिवसभर कांदे लावते, म्हणून मला त्यात वावगं काही वाटलं नाही. पोटभर जेवणानंतर, हे मोठ्याने वाचणारा मीच होतो.

मी तसं म्हणालो. पहिल्यांदाच काका "असं सगळेच म्हणतात" म्हणाले नाहीत. खाली बसले आणि चिमटा हातात घेऊन उगाच उघडझाप करू लागले.

"ती सोळा सोमवार करत होती," ते म्हणाले. ती म्हणजे काकू. "माझ्या छातीत दुखायचं म्हणून. अकरा झाले आणि तीच गेली. म्हटलं, राहिलेले पाच आपण करून टाकू."

"पण काका, सहा वर्षं झाली."

"मोजणीत चूक झाली असली तर? अकरा होते की दहा? खात्री कोण देणार?" चिमटा थांबला. "पाच झाल्यावर सोडले आणि तिचं अपुरं राहिलं असलं तर? म्हणून चालू ठेवले."

मी कॅलेंडरचं पान भिंतीवर सरळ केलं.

शुक्रवारी विदाऊट घरी आली. उलटी थांबली होती, चार घास खात होती, पण पाय दुखून सारखी कण्हायची. मॅडम म्हणाल्या, सोमवारी सकाळी पोटभर खाल्लं, तर दुसरी, पोटाला सोसेल अशी गोळी सुरू करू. नाही खाल्लं तर गोळी नाही. काकांनी मान डोलावली. सोमवार हा शब्द आम्ही दोघांनीही ऐकला होता.

शनिवारी मला गावी जावं लागलं, कांद्याची लागण चालू होती. आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "लय जीव हाय रे त्या माणसाचा. पन मुक्या जित्राबाला कशाला उपास?" मग म्हणाली, "आन् त्यानं तरी बाईचं व्रत कसं मोडावं?"

सोमवारी सकाळी मी वाफ्यात होतो. मोबाईल बांधावर ठेवला होता. आमच्याकडे रेंज बांधावरच येते. आठ वाजले. साडेआठ वाजले. फोन करायचा धीर होईना. नऊच्या सुमाराला मेसेज आला. काका कधी मेसेज करत नाहीत, मेसेज कोणीही वाचतं असं त्यांचं मत आहे.

"आठ दहाला वरणभात. दोघंही जेवलो. आठ तीसला गोळी. गालात काही नाही."

मी तो तीनदा वाचला. दोघंही, असंच लिहिलं होतं. हाताचा चिखल पुसला आणि मला कसं सुचलं कोण जाणे, मी लिहिलं, "दाखवा."

कांद्याची एक ओळ लावून मी परत बांधावर आलो. वाटलं, आगाऊपणा झाला. मग फोटो आला, थोडा हललेला. फरशीवर शेजारी शेजारी दोन ताटल्या, एक स्टीलची, एक चेपलेली. दोन्ही रिकाम्या.