पेला, छत्री आणि बाण

दुपारी ऑफिसात डबे उघडतात तेव्हा धुरीकाकांचा डबा लांबूनही ओळखू येतो. त्यावर वर तोंड केलेले दोन लाल बाण चिकटवलेले असतात. खोक्यांवर असतात तेच, ‘ही बाजू वर’ सांगणारे. आत सोलकढी असते. "सोलकढी आडवी झाली की तिचं पाणी होतं," असं त्यांचं म्हणणं. याला शास्त्राचा आधार नाही. पण बोरिवलीहून अंधेरीपर्यंत ते डबा मांडीवर उभा धरून येतात, आणि शेजारच्याचं कोपर लागलंच तर त्याला शांतपणे बाण दाखवतात.

आमची मालवाहतुकीची कंपनी मरोळच्या बाजूला आहे. पुढे काउंटर, मागे गोडाऊन आणि मध्ये मी, हिशेबाच्या टेबलावर. काउंटरवर धुरीकाका. माल घेऊन कुणी आलं की त्याला विचारायचं असतं, साधा पाठवायचा की विशेष हाताळणीनं? विशेष हाताळणी म्हणजे माल तसाच फेकायचा, फक्त जास्त पैसे घेऊन. हे कंपनीत झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. धुरीकाकांना मात्र ते आजवर कुणी पटवू शकलेलं नाही.

विशेष हाताळणीची तीन मुख्य लेबलं. काचेच्या पेल्याचं चित्र म्हणजे नाजूक, छत्रीचं चित्र म्हणजे भिजवू नका आणि बाण म्हणजे उलटं करू नका. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगावं ना? छे! काका थेट विचारतात, "बोला, पेला की छत्री?" घाटकोपरहून आलेल्या एक बाई यावर सावध झाल्या आणि म्हणाल्या, "आमच्या घरात अजून काही ठरलं नाहीये हो, मत कुणाला द्यायचं ते."

लेबल ठरवायची काकांची पद्धतही कंपनीच्या कुठल्याच नियमात बसत नाही. मालाची किंमत, वजन, आकार असल्या क्षुल्लक गोष्टींत त्यांना रस नसतो. त्यांचा प्रश्न एकच.

"फुटलं तर रडेल कोण?"

एकदा एक सुटाबुटातला माणूस महागड्या इटालियन फरशा घेऊन आला. काकांनी प्रश्न टाकला. तो गोंधळून म्हणाला, "रडेल कोण म्हणजे? इन्शुरन्स आहे." काकांनी शिक्का मारला, "साधं." त्याच दिवशी मुलुंडच्या एका आजोबांनी नातीसाठी लाडवांचा डबा आणला. डबा स्टीलचा, झाकण घट्ट. त्याला पेला, छत्री, बाण तिन्ही लागले, आणि जागा उरली म्हणून आणखी एक पेला.

बरं, लेबल लावून काम संपतं असंही नाही. मागे गोडाऊनमध्ये पेल्याच्या खोक्याला वेगळाच मान आहे. त्याचं पॅकिंग मजबूत असतं, म्हणून आमची माथाडी मंडळी चहा प्यायला त्यावरच बसतात. काकांनी हे एकदा पाहिलं आणि त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मग त्यांनी युक्ती काढली. खोक्यामागून स्वतः गोडाऊनमध्ये जायचं आणि मुकादमाच्या कानाशी लागायचं, "शिंदे, जपून. आत गणपती आहे."

शिंदे मुकादम साताऱ्याकडचा, भाविक माणूस. तो पायातल्या चपला काढायचा, बाकीच्यांना काढायला लावायचा आणि खोका तान्ह्या पोरासारखा गाडीत ठेवायचा. काकांना इलाज सापडला. मग काय विचारता! कपबशा गणपती, आरसा गणपती, कुणाची हार्मोनियम गणपती. ऐन शिमग्यातसुद्धा आमच्या गोडाऊनमधून रोज मूर्ती निघू लागल्या. शेवटी एका खोक्याच्या फटीतून प्लग बाहेर लोंबताना दिसला तेव्हा शिंदे म्हणाला, "काका, ह्या द्येवाला वायर हाय वो!"

तेव्हापासून चपला काढणं बंद झालं. काका मात्र थापा मारत राहिले आणि शिंदे हसत राहिला.

मध्यंतरी आमच्याकडे नवे मॅनेजर आले. त्यांनी लेबलांचं सगळं काम कॉम्प्युटरवर आणलं. स्क्रीनवर चौकोन दिसतात, त्यांत टिचकी मारली की विशेष हाताळणी झाली. मालाला हात लावायचीही गरज नाही. साहेबांनी आम्हाला एसी हॉलमध्ये बसवून गिऱ्हाइकाच्या आनंदावर भाषण दिलं, समोसे दिले आणि काही शंका आहे का विचारलं. काका उभे राहिले.

"साहेब, ‘सोबत ठेवा’चा चौकोन कुठाय?"

"म्हणजे?"

"एका घरचे दोन नग असतात. एक नाशिकला उतरतो, दुसरा नागपूरला जातो. मग दोन्ही फुकट. त्यांना सोबत ठेवा असं सांगायचं कुठे?"

"त्याला डिमांड नाही, धुरी," साहेब म्हणाले आणि त्यांनी दिवे घालवून पुढचं चित्र दाखवलं.

गेल्या महिन्यात एका सकाळी काका रिक्षाने ऑफिसात आले. घरून रिक्षाने येणं म्हणजे आमच्याकडे अजबच. सोबत गोधडीत गुंडाळून सुतळीने आवळलेले दोन नग होते, एक मोठा, एक छोटा. दोन्हींवर पेला, छत्री, बाण इतके दाटीवाटीने चिकटवलेले, की गोधडी दिसेना.

"काय आहे काका?"

"पाटा-वरवंटा."

मला हसू आवरेना. "अहो काका, दगड आहे तो! हा फुटला तर रडेल कोण?"

ते सुटलेला एक बाण अंगठ्याने दाबत बसले. मग खिशातून मोबाईल काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. मुलीचा, रश्मीचा मेसेज होता. ‘आईचा पाटा-वरवंटा पाठवाल का?’ एवढंच. ‘बाबा’ हा शब्द सुरुवातीला नव्हता, शेवटीही नव्हता.

रश्मीने स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं आणि ती इंदूरला गेली. काका लग्नाला गेले नाहीत, हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. काकू होत्या तोवर त्यांच्या फोनवरून दोघांना एकमेकांची खुशाली कळायची. काकू गेल्या, आणि नंतर तो फोनही थांबला. त्यानंतरचा हा पहिला मेसेज.

"एकाच खोक्यात घाला की मग," मी म्हणालो.

"वजनात बसत नाही रे. दोन नगच करावे लागतात." ते स्क्रीनकडे बघत होते. नसलेला चौकोन शोधत होते. "फुटायची भीती नाही मला. पण पाटा पोचला आणि वरवंटा भलतीकडे गेला, तर ती काय समजेल? म्हणेल, म्हाताऱ्याने देतानासुद्धा अर्धंच दिलं. मग परत कशाला मेसेज करेल ती?"

मी दोन्ही नगांची सुतळी पुन्हा एकदा ओढून पाहिली.

"जगाचा माल जपला जोशा मी," ते म्हणाले, "आणि पोरगी निघाली तेव्हा दारापर्यंतसुद्धा गेलो नाय."

दोन्ही नग घेऊन आम्ही गोडाऊनमध्ये गेलो. शिंदे नेहमीसारखा हसला. "या काका. आज कंचा गणपती?"

काकांनी तोंड उघडलं. दरवेळी जिभेवर तयार असलेली थाप त्या दिवशी काही बाहेर आली नाही.

"गणपती नाय शिंदे," ते म्हणाले. "माझ्या बायकोचा पाटा-वरवंटा आहे. पोरीकडे चाललाय. दोन्ही सोबत राहायला हवेत, बस."

शिंदेने एकदा त्या लेबलांकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग त्याने चपला काढून भिंतीशी ठेवल्या. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी बाकीच्यांनीही काढल्या. दोघांनी पाटा उचलला, शिंदेने स्वतः वरवंटा घेतला आणि गाडीच्या कोपऱ्यात दोन्ही एकमेकांना खेटून एकाच दोरीने बांधले. ड्रायव्हरला म्हणाला, "एक उतरला आन् दुसरा न्हाई, तर गाडी हलवायची न्हाय." आमच्या इंदूरच्या गोडाऊनलाही त्याने फोन लावला आणि तिथल्या मुकादमाला हिंदीत दरडावलं.

पुढचे काही दिवस काकांनी एकाही गिऱ्हाइकाला प्रश्न विचारला नाही. आलेला माल गुपचूप साध्यात टाकत होते. त्या प्रश्नाची सवय झालेल्या आमची अक्षरशः गैरसोय झाली.

मग एका दुपारी डबा उघडलेला असताना रश्मीचा फोन आला. काका उभेच राहिले. "दोन्ही आले?" एवढंच त्यांनी विचारलं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "पाटा गुळगुळीत झालाय म्हणते. टाकी लावून खरबरीत करायला हवा. तिकडे टाकीवाला मिळत नाही, म्हणते, बाबा तुम्ही या."

एवढ्या मोठ्या इंदुरात पाट्याला टाकी लावून देणारा मिळत नाही, हे मला काही पटलं नाही. शिवाय काकांनी जन्मात कधी छिन्नी हातात धरलेली नाही. थापा मारणं पोरीने कुणाकडून घेतलंय ते मात्र लगेच कळलं.

निघायच्या दिवशी ते बॅग घेऊनच ऑफिसात आले होते, इथूनच परस्पर स्टेशनवर जायचं म्हणून. ते शिंदेचा निरोप घ्यायला मागे गेले तेव्हा मी काउंटरवरून एक पेला काढून त्यांच्या बॅगेवर चिकटवला. परत आल्यावर त्यांनी तो पाहिला. आता चार शिव्या मिळणार म्हणून मी तयार होतो.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि मला म्हणाले, "छत्रीपण लाव रे एक."