टरफलं मागून नेणारे सर

आमच्या शेजारचे भानुदास सर कुणाकडं गेले की शेंगा खात नाहीत. इतरांनी खाल्लेल्या शेंगांची टरफलं तेवढी मागून घेतात आणि सदऱ्याचे खिसे भरून निघतात. कुणी कचरा म्हटलं की जागीच थांबतात. "कचरा न्हाई, माल हाय माल." माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हाही त्यांनी पाहुण्यांच्या हातातली टरफलांची ताटली काढून घेतली. पाहुण्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ह्ये पोरीचे कोण लागतात?" शेजारी आहेत, असं मी शपथेवर सांगितलं.

शाळेत ते विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर घरात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या, चिपाडं, तुरीचा भुसा यांचे ढीग लागले. त्यांची बायको सुशीलावहिनी गावातल्या बायकांच्या सूत रंगवायच्या सहकारी सोसायटीच्या चेअरमन. त्या करवादायच्या, "देवघरात भुसा, बाजेखाली भुसा. मी कुठं झोपू, चुलीत?"

या ढिगांमागची भानगड सोसायटीचीच होती. दुष्काळात आमच्या गावाला ओढ्याकाठच्या एकाच विहिरीचा आधार उरला होता आणि सूत धुतलेलं पाणी ओढ्यातून झिरपून ती विहीर गुलाबी व्हायला लागली. ग्रामसभेत ठरलं, पुढच्या सभेपर्यंत रंगाचं पाणी थांबलं नाही तर सोसायटीला कुलूप.

सरांनी टरफलं आणि पऱ्हाट्या पत्र्याच्या पिंपात कोंडून जाळल्या. कोळसा कुटून दुसऱ्या पिंपात भरला, वरून सूत धुतलेलं लाल पाणी ओतलं. खालून काळंकुट्ट पाणी आलं.

"लालाचं काळं केलं की वो," वहिनी म्हणाल्या.

कोळसा आधी धुवायचा राहिला होता. पण धुवायला पाणी कुठलं? तेव्हा आम्ही सगळे बाजेवर बसून आंघोळ करायचो आणि खाली घमेलं ठेवायचो. सर दारोदार फिरून ते पाणी मागायला लागले. माझ्या आंघोळीचं पाणीही त्यात आहे, हे मी आजही पाहुण्यांना सांगतो.

पुढच्या सभेत सरांनी धुतलेल्या कोळशातून गाळलेल्या पाण्याची बरणी ठेवली. पाणी अगदी नितळ.

"पिऊन दावा," सरपंच म्हणाले.

"प्यायचं न्हाईच ते. ह्येच्यात पुन्हा सूत धुवायचं. ओढ्यात आता थेंब जाणार न्हाई."

सभेनं टाळ्या वाजवल्या. माझी छाती तर सदऱ्यात मावेना. सरपंचांनी सत्काराचा नारळ पुढं केला, तर सर मागं सरले. "नारळ चेअरमनबाईंना द्या. काम सोसायटीचं हाय."

घरी येताना मी विचारलं, "सर, एवढं तुम्ही राबलात, मग नारळ का घेतला न्हाई?"

सरांनी नारळ घेऊन पुढं चाललेल्या वहिनींकडं बघितलं.

"लग्न झाल्यापास्नं गाव हिला मास्तरची बायको म्हणायचं," ते म्हणाले. "सोसायटी निघाली आन् लोक सुशीलाबाई म्हणाय लागले. कुलूप लागलं असतं, तर ती परत मास्तरची बायको झाली असती."