महागुरू व्हायला एक अंगठा कमी

घरात आपलं कुणी ऐकत नाही, तर निदान जगाला शहाणं करावं, असं कारकूनसाहेबांनी एका रविवारी ठरवलं. घरगुती दुरुस्तीची एक वेबसाइट होती. कुणीही विचारावं, कुणीही सांगावं. साहेबांनी 'नळराज' हे नाव घेतलं आणि नळ, पाइप, टाकी यांवर ज्ञानाची धार सोडली. (स्वतः पाना त्यांनी एकदाच हातात धरला होता, तोही शेजाऱ्याला परत द्यायला.)

कुणी विचारलंच तर 'लोकसेवा' हे उत्तर तयार होतं. खरी गोडी होती उत्तराखाली उमटणाऱ्या अंगठ्यांची. एक अंगठा पडला की साहेब ऑफिसात फायलींकडे बघून हसत. आता एकच अंगठा हवा होता, की ते त्या वेबसाइटवर 'महागुरू' होणार होते.

नेमका तेव्हाच स्वयंपाकघरातला नळ ठिबकू लागला.

"अगं, आतला वायसर बदलायला हवा," साहेब म्हणाले.

"तुम्ही राहू द्या. मी जाणकाराला विचारते." बायकोने मोबाइल उघडला आणि तिचा चेहरा खुलला. "हे बघा, कुणी नळराज आहेत. वायसर बदला म्हणतात. किती समजावून सांगितलंय. नाहीतर तुम्ही."

साहेबांना गुदगुल्या झाल्या. लग्नानंतर बायकोने केलेलं हे पहिलंच कौतुक, आणि तेही टोपणनावाने ऐकावं लागत होतं. नळ दुरुस्त झाल्यावरच गुपित फोडायचं त्यांनी ठरवलं.

"झाला दुरुस्त, तर अंगठा देशील ना त्यांना?"

"आधी होऊ तर द्या."

साहेबांनी शेजाऱ्याचा पाना पुन्हा आणला. बायको वाचू लागली. "डोकं घट्ट धरा. डावीकडे फिरवा. आता निर्भयपणे खेचा."

साहेबांनी निर्भयपणे खेचलं. नळाचं डोकं त्यांच्या हातात आलं आणि पाणी थेट छताला लागलं.

"पुढे काय लिहिलंय?" साहेब गुळण्या करत ओरडले.

"पुढे लिहिलंय, अभिनंदन."

बायकोच्या फोनवरून धावत आलेल्या प्लंबरने आधी मेन कॉक बंद केला. मग त्याने उघड्या नळाकडे ओळखीच्या नजरेने पाहिलं. "नळराज वाचून उघडलात वाटतं?"

"तुम्ही ओळखता त्यांना?" बायकोने विचारलं.

"कधी भेटलो नाही, पण देवमाणूस आहे. सगळं लिहितो, फक्त मेन कॉक बंद करा एवढंच लिहीत नाही. माझा निम्मा धंदा त्याच्यावर चालतो. त्याचं उत्तर दिसलं की मी अंगठा देतो. आमचे सगळेच प्लंबर देतात." त्याने तिच्या मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं. "हे उत्तर राहिलंच होतं की." त्याने स्वतःचा फोन काढला आणि ओल्या बोटाने अंगठा दाबला.

फ्रीजवर ठेवलेला साहेबांचा फोन टिंग वाजला.

बायकोने तो उचलून मोठ्याने वाचला. "अभिनंदन, नळराज. आपण महागुरू झालात."

साहेबांनी निमूटपणे पाकीट काढलं, तर प्लंबरने चक्क वाकून नमस्कार केला.

"तुमच्याकडून कसले पैसे घ्यायचे, गुरुजी? फक्त लिहिणं थांबवू नका."