सहाव्या नंबरचं अस्वल

बाळांनो, कोंबड्या पाळण्यात माझा हात धरणारा या पंचक्रोशीत कुणी नाही. म्हणजे मी एकच पाळली होती, आणि ती तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडे राहायला गेली. अजून तिथेच आहे. मला ओळख दाखवत नाही.

तर एका जंगलात, जिथे रस्ता संपतो पण वाढदिवसाचे फलक संपत नाहीत, झिपरोबा नावाचं अस्वल राहायचं. गुहेमागच्या अंगणात त्याने पाच कोंबड्या पाळल्या होत्या. अंड्यांसाठी. नुसता मध किती दिवस चाटणार?

आता कोंबड्यांची एक रीत असते. पहिलीने दुसरीला टोचायचं, दुसरीने तिसरीला, असं खालपर्यंत. दाणे टाकले की खायचं तेही त्याच नंबराने. शेवटच्या कोंबडीला दाण्यांचा वास तेवढा मिळतो.

पहिली होती चंद्री. तुरा असा मिरवायची, जणू बिनविरोध निवडून आली आहे. शेवटची भुंडी. टोचून टोचून शेपटीची पिसं गेली म्हणून भुंडी. आधीचं नाव काय होतं, ते तीही विसरली होती.

एके दिवशी भुंडीच्या पाठीतून रक्त आलं. लाल दिसलं की कोंबड्यांना राहवत नाही. चौघी नेमक्या तिथेच टोचू लागल्या. झिपरोबा घाबरला. असंच चाललं तर ही चार दिवसांत मरणार, हे त्याला शाळेत न जाताही कळलं. त्याने जखमेवर जांभळं औषध फासलं आणि तो तडक शिबिराला गेला.

जंगलात तेव्हा कुक्कुटपालनाचं शिबिर कोल्हा घ्यायचा. हसता काय? त्या विषयातला त्याचाच अनुभव सगळ्यात दांडगा होता.

कोल्ह्याने शिकवलं की दादागिरी करणारी कोंबडी आठ दिवस वेगळी ठेवावी. परत सोडली की तिचा नंबर शेवटी जातो. सल्ला अगदी खरा होता. वेगळ्या काढलेल्या कोंबड्या आपल्या घरी ठेवून घ्यायचीही कोल्ह्याने तयारी दाखवली. झिपरोबाने प्रमाणपत्र तेवढं घेतलं.

सोमवारी सकाळी चंद्री डालग्याखाली गेली. डालगं म्हणजे कोंबडीवर पालथी घालतात ती बांबूची टोपली. दुपारी दुसऱ्या नंबरची करडी भुंडीला टोचू लागली. चंद्रीपेक्षाही जोरात, कारण पद नवीन होतं. मंगळवारी करडी डालग्याखाली. बुधवारी खैरी. उरली बुटकी. ती कालपर्यंत भुंडीच्या गळ्यात गळा घालून रडायची. गुरुवारी तिलाही झाकावं लागलं.

अंगणात चार डालगी आणि एक भुंडी. झिपरोबा छाती फुगवून म्हणाला की न्याय म्हणतात तो हाच.

भुंडी पोटभर जेवू लागली. मान ताठ झाली. शुक्रवारी तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि झिपरोबाच्या टाचेला टोच मारली.

त्याला वाटलं, लाडाने मारली असेल. शनिवारी तिचे दाणे संपेपर्यंत त्याला मधाच्या मडक्याला हात लावता येईना. रविवारी तो अंगणात यायच्या आधी खाकरू लागला.

शेवटी हात जोडून त्याने विचारलं, "भुंडे, तुझा जीव मी वाचवला. आणि मलाच टोचतेस?"

"मालक, मला पहिली तुम्हीच केलंत," भुंडी म्हणाली. "आता पहिलीने टोचायचं कुणाला? तुमच्या खाली कुणी असेल तर दाखवा, तुम्हाला सोडते."

झिपरोबाने मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

आठ दिवस भरल्यावर त्याने मोठ्या आशेने चारही डालगी उचलली. अर्धा तास नुसती पिसं उडत होती. पाच नंबरांसाठी तुंबळ मारामारी झाली. सहाव्या नंबराबद्दल मात्र एकमत होतं.

तेव्हापासून अंगणात शांतता आहे. कोंबड्या एकमेकींना टोचत नाहीत, कारण सगळ्यांना मिळून एक अस्वल आहे. त्याची कातडी जाड, रक्त काही येत नाही. भुंडीला नवी शेपूट फुटली. अंडी वाढली. ती उबवायला झिपरोबा बसतो. लांबलांबची जनावरं ही व्यवस्था पाहायला येतात, आणि तो बसल्या जागेवरूनच त्यांना प्रमाणपत्र दाखवतो.

तात्पर्य: दुबळ्याला जरूर वर काढावं. मात्र त्याआधी आपल्या खाली कुणीतरी आहे ना, याची खात्री करून घ्यावी.

हे तात्पर्य मी स्वतः जाऊन भुंडीला वाचून दाखवलं. तिने मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "आजोबा, अस्वलाचं राहू द्या. तुमच्या घरी तुमचं ताट कितवं वाढतात?"