नागपंचमीची कात्री

"व्हिडिओ लहान करणं म्हणजे काय हो, बासुंदी आटवणं! आच मंद हवी आणि हातात धीर हवा, बस!"

दिपमालानं हे मंडळाच्या अकरा बायकांसमोर इतक्या ठामपणे सांगितलं की ताईबाईनं ढोलकी बाजूला ठेवून तिला हात जोडले. शिरपूरजवळच्या त्यांच्या गावात दिपमालाइतका कॉम्प्युटर कुणाला येत नव्हता. तीन दिवसांच्या वर्गाला ती तालुक्याला जाऊन आली होती, आणि तीन दिवसांत एकही उपास मोडला नव्हता!

निमित्तही तसंच होतं. धुळ्याला कानबाईच्या, म्हणजे खानदेशात श्रावणात घरोघरी बसणाऱ्या देवीच्या, गाण्यांची स्पर्धा होती. व्हिडिओ तीन मिनिटांच्या आत, पन्नास एमबीच्या आत आणि मंगळवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचा. निवड झाली तर कानबाई बसायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, धुळ्याच्या नाट्यगृहात गायचं.

हे सगळं चाललं होतं मंदाबाई अक्कांसाठी. अक्का बहात्तर वर्षांच्या. पन्नास वर्षं गावातल्या घरोघरी कानबाईपुढे गायल्या, पण स्टेजची पायरी कधी चढल्या नव्हत्या. त्यांचं मागणं एवढंच होतं, "एकदाव मनं नाव माइकवर आयकू दे माय, मंग खुशाल डोया मिटसू."

रविवारी दिपमालाच्या ओट्यावर चित्रीकरण झालं. कॅमेरा तिच्या नवऱ्याचा, प्रेमराजचा. एरवी त्याच्यासमोर केळीचे घड उभे राहायचे, व्यापाऱ्याला दाखवायला. अकरा मिनिटांची क्लिप झाली, दीड जीबीची. म्हणजे बासुंदी आटवायला अख्खा टँकर!

सोमवारी श्रावणी सोमवार आणि भावाचा उपास एकाच दिवशी आले. दिपमाला देवळातच राहिली. "उद्या तासाभरात करते," ती म्हणाली.

उद्या म्हणजे नागपंचमी!

त्या दिवशी घरात विळीला पालथं घालतात. चिरणं नाही, कापणं नाही, तवा नाही. प्रेमराजच्या मळ्यात कोयतासुद्धा खुंटीवर. दिपमालानं नागोबाला दूध-लाह्या वाहिल्या, दिंडं उकडली आणि दुपारी दोनला ताईबाईला घेऊन कॉम्प्युटरसमोर बसली.

आधी आकार. तिनं रुंदीचा आकडा निम्मा केला, उंचीला हात लावला नाही. झालं! बायका निलगिरीच्या झाडांसारख्या उंच! कोठीएवढी ताईबाई झाडूएवढी बारीक दिसायला लागली.

"असंच राहू दे ना!" ताईबाई हरखली.

"अगं, तुझी ढोलकी दुधी भोपळ्यासारखी दिसतेय!"

दिपमालानं रुंदी आणि उंची एकत्र कमी केली, बायका पुन्हा आपापल्या मापात आल्या. दीड जीबीचे एकशे ऐंशी एमबी झाले. आता फक्त लांबी. तिनं वर्गातली वही उघडली. 'नको असलेला भाग काढण्यासाठी कात्रीच्या चित्रावर क्लिक करा.'

दिपमालानं माउसवरून हात मागे घेतला.

"काय झालं?"

"कात्री आहे."

"मग? चित्रातली तर आहे!"

"नागोबाही पाटावर चित्रातलाच काढलाय. त्याला आपण खरं दूध वाहिलं ना?"

तेवढ्यात मंदाबाई अक्का काठी टेकत आल्या. त्यांच्यापुढे खटला मांडला. त्यांनी चष्मा पुसून पडद्यावरची कात्री नीट न्याहाळली.

"कैची ती कैची! आज कापानं नई."

ज्यांच्यासाठी खटाटोप, त्यांनीच निकाल दिला. पण दिपमाला डगमगणारी नव्हती. "कापायचं नाही ना? नाही कापत. आटवते!" तिनं वेग चौपट केला. अकरा मिनिटं पावणेतीनमध्ये बसली! विजयानं तिनं बटण दाबलं.

स्पीकरमधून जे आलं ते कानबाईचं गाणं होतं यावर कानबाईचाही विश्वास बसला नसता. बायका बाहुल्यांसारख्या थडथड हलत होत्या आणि ढोलकीतून तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा आवाज येत होता.

"हाई मी शे?" अक्का किंचाळल्या. "माय वं! हाई ते चिमनी चिवचिव करी ऱ्हायनी!"

वेग पूर्ववत झाला. साडेचार वाजले. अक्कांनी पदरानं चष्मा पुसला आणि त्या हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे माय. पुढला सालले दखू." आणि काठी टेकत निघून गेल्या.

पुढच्या साली अक्का त्र्याहत्तरच्या. आणि नेमका तेव्हाच प्रेमराज झोपेतून उठून चहा मागायला आला.

"अहो, तुमचं आज कॉम्प्युटरवर न कापण्याचं काही व्रत आहे?"

"माझं कसलंच व्रत नाही. तुझीच मला पुरतात."

"मग तुम्ही कापा. मी तिकडं तोंड करून बसते."

प्रेमराजनं बाह्या सरसावल्या. "आण इकडं! आयुष्यभर कापण्याचंच काम केलंय मी!"

दिपमाला देव्हाऱ्याकडे तोंड करून बसली. कानानं ऐकत सूचना देत होती. आधी बायकांचं बोलणं, खोकणं, भांडी. मग अक्कांचा पहिला सूर लागला.

"हां! इथं कापा!"

खट्.

"आता नको असलेला भाग काढून टाका!"

खट्. "टाकला! दोन मिनिटं पन्नास सेकंद उरलं."

"एका फटक्यात? अगबाई! आता एमबी कमी करा. वहीत लिहिलंय तसं." दहा मिनिटांनी आकडा आला, सेहेचाळीस! कापलेलं दिवस मावळेपर्यंत पाहायचंही नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पाच पन्नासला व्हिडिओ धुळ्याला गेला. दिपमालानं नागोबाला हात जोडले, प्रेमराजला चहा दिला, वर दोन दिंडं जास्तीची दिली.

सात वाजता फोन आला. स्पर्धेच्या नूतन मॅडम.

"दिपमालाताई, व्हिडिओ अगदी मापात आहे हं. आकार, लांबी, सगळं."

"तुमचा आशीर्वाद!"

"फक्त त्यात गाणं नाहीये."

"अं?"

"पावणेतीन मिनिटं बायका बोलताहेत. एक जण विचारते, 'चालू झालं का?' दुसरी कुणाच्या तरी सुनेचे नैवेद्याचे रोट कच्चे राहिल्याचं सांगते. मग ढोलकीवाल्या बाई म्हणतात, 'धुळ्याच्या परीक्षक बाया काय गातात, त्यापेक्षा आमच्या म्हशी बऱ्या!' पुढं गाणं सुरू होतं आणि तिथंच संपतं."

दिपमालानं फोन छातीशी धरला. "अहो! तुम्ही कुठला भाग ठेवला?"

"वरचा!" प्रेमराज दिंडं खात शांतपणे म्हणाला. "घडाचं तसंच असतं ना! वरच्या फण्या ठेवायच्या, खालचा शेंडा टाकायचा."

अक्कांचं पन्नास वर्षांचं गाणं त्यानं शेंडा म्हणून टाकलं होतं!

"मॅडम," दिपमालाचा आवाज कापत होता, "ती ढोलकीवाली स्वभावानं वाईट नाही हो. आणि आमच्या अक्का..."

"अहो, रडू नका. मुदत गुरुवारपर्यंत वाढवलीय. दुसरा पाठवा. आणि म्हशींना नमस्कार सांगा!"

बुधवारी पहाटे आंघोळ, पूजा करून दिपमालानं स्वतःच्या हातानं कात्री चालवली. मूळ क्लिप कॅमेऱ्यात शाबूत होती. पुढचं कापलं, मागचं कापलं, मधलं ठेवलं. दहा मिनिटं लागली. बासुंदी!

आणि निवड झाली! शनिवारी धुळ्याच्या नाट्यगृहात तीनशे बायकांसमोर माइकवर नाव घुमलं, "मंदाबाई अक्का आणि मंडळ!" अक्का अशा गायल्या की परीक्षक बायांनीही टाळ्यांचा ठेका धरला. दिपमाला विंगेत उभी राहून डोळे टिपत होती.

मग नूतन मॅडमनी माइक घेतला.

"एक खास सत्कार करायचाय. आम्ही शेवटची तारीख नेमकी नागपंचमीला ठेवली, ही आमची चूक. सत्तावीस मंडळांनी फोन केले, 'आज आम्ही कापणार नाही!' म्हणून मुदत वाढवावी लागली. पण एक मंडळ असं निघालं, ज्यांनी नागपंचमीलाच व्हिडिओ कापून वेळेत पाठवला. एकमेव! ते ज्यांनी केलं, त्या सौ. दिपमालाताईंनी पुढं यावं!"

टाळी एकच वाजली. प्रेमराजची.

तीनशे माना वळल्या. दुसऱ्या रांगेतून स्पष्ट ऐकू आलं, "नागपंचमीले? माय वं!" जिनं जन्मात एक चतुर्थी चुकवली नाही ती दिपमाला श्रीफळ घेऊन खाली मानेनं परतली.

अक्कांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "मनं नाव बठ्ठा लोक आयकनात वं," त्या हसू दाबत म्हणाल्या, "पन तुनं कोनी इसरनार नई!"

ते श्रीफळ अजून देव्हाऱ्यापाशी तसंच आहे. कोणत्या दिवशी फोडलेलं चालेल, हे दिपमाला पंचांगात बघते आहे. तोवर प्रेमराजला त्याच्या जवळ जायला बंदी!