लेकीच्या गावच्या शेवया

नातवाचं तोंड पाहिल्याशिवाय लेकीच्या घरचंच काय, तिच्या गावचंही पाणी प्यायचं नाही, ही त्या मुलखातल्या सगळ्याच बापांची रीत. फरक एवढाच की बाकीचे बाप ती पाळत आणि भोजराज ती मिरवत असे. कटंगीच्या बाजारात कुणी नुसता "रामराम" घातला तरी तो तीन वाक्यांत लेकीच्या घरच्या पाण्यापर्यंत पोचायचा. "मन मोठं पायजे, जीभ लहान पायजे," हे त्याचं ठरलेलं वाक्य. जीभ बोलायच्या कामी मात्र चांगलीच लांब होती.

लेक पुष्पलता बालाघाटला दिलेली. जावई बाबूलाल जंगल ऑफिसात बाबू. तीन वर्षांत भोजराज पाच वेळा गेला आणि पाचही वेळा ओट्यावर बसून घरून आणलेली भाकरी खाऊन, घरून आणलेलं पाणी पिऊन परत आला. पुष्पलता दर वेळी ताट वाढून दारात उभी राहायची आणि तसंच उचलून आत न्यायची. तिचा उतरलेला चेहरा पाहून भोजराजलाही आत कुठं तरी तुटायचं. पण गावात गेल्यावर सांगायला तेवढाच मजकूर जास्त मिळायचा, म्हणून तो तुटणं सहन करी.

गेल्या वर्षी त्याच्याच गावच्या महागूनं हट्टा गावी आपल्या लेकीकडे कांद्याची भजी खाल्ली. चुलीजवळून वास आला आणि माणूस घसरला, एवढाच त्याचा गुन्हा. भोजराजनं ते प्रकरण पंचांपुढे नेलं आणि महागूला अख्ख्या गावाला जेवण घालावं लागलं. त्या पंगतीत भोजराजनं बुंदी दोनदा मागून घेतली. महागू तेव्हापासून त्याच्याशी बोलायचा, पण हसायचा नाही.

तर सदुसष्टच्या वैशाखात हे दोघं एकाच मोटारीनं बालाघाटला निघाले. महागूचं तहसिलीत काम होतं, भोजराजला लेकीला भेटायचं होतं. भाकरीचं गाठोडं आणि पाण्याचा लोटा त्यानं टपावर ठेवला. टपावर दोन बकऱ्याही होत्या, हे त्याला बालाघाटला उतरल्यावर कळलं. फडकं खाली आलं, भाकरी आल्या नाहीत. लोटा आला तो रिकामा.

उन्हात तळतळत दोघं मोटार स्टँडवर उभे राहिले. भोजराजच्या पोटात कावळे ओरडायला लागले.

"आता काय करता, भोजराजभाऊ?" महागूनं विचारलं. "लेकीच्या गावात तं तुमी पानी बी पेत नाही."

भोजराजनं थोडा विचार केला. भुकेल्या माणसाला कायदा फार लवकर सुचतो. "बालाघाट कुठी गाव हाये?" तो म्हणाला. "जिल्हा हाये. जिल्हा सरकारचा असते. सरकारले कोनी लेक देते का?"

स्टँडच्या मागे चैतरामचं हॉटेल होतं. दोन बाकं, एक भट्टी. चैतराम पूर्वी मँगनीजच्या खाणीवर एका साहेबाचा खानसामा होता. साहेब विलायतेला गेला आणि जाताना चैतरामला एक पदार्थ देऊन गेला: कांदा, टमाटर आणि काळ्या मिऱ्याचा पातळ रस्सा आणि त्यात सोडलेल्या शेवया. साहेबाच्या शेवया डब्यातून यायच्या, चैतराम पाटावर वळलेल्या देशी शेवया घालायचा. खाणारे म्हणत, साहेबच फसला.

भोजराजला शेवया माहीत होत्या त्या दुधागुळातल्या. गरम तिखट रश्श्यातल्या शेवया पाहून त्यानं आधी नाक मुरडलं, मग बोटं घातली. शेवई वर ओढली तर ती येतच राहिली. हात डोक्याच्या वर गेला तरी दुसरं टोक वाडग्यातच. शेवटी त्यानं तोंड खाली नेऊन जोरात ओढून घेतली. शेपूट फटकन फिरलं आणि समोर बसलेल्या महागूच्या सदऱ्यावर रश्श्याची रांगोळी उमटली.

पण चव अशी की भोजराजची बोलती बंद झाली, आणि ही गोष्ट कटंगीकडे कुणी पाहिलेली नव्हती. एक वाडगा झाला, दुसरा झाला. महागूचेही दोन झाले. तिसरा वाडगा समोर आल्यावर भोजराजला कंठ फुटला.

"चैतराम, ह्या शेवया कोनं वळल्या? एक तुटेल नाही, एक चिकटेल नाही. बाई म्हनावं तं अशी. हिच्या बापाचे पाय धुऊन पानी पेलं पायजे."

"बाप की बात मत करो काकाजी," चैतराम भट्टीत लाकूड सारत म्हणाला. "बाई तं सोन्यासारखी हाये, जंगल ऑफिसवाले बाबूलालबाबू की घरवाली. पन तिचा बाप लय अडेल. इतक्या दुरून येते आन तिच्या घरचं पानी बी नाही पेत. वो बिचारी रोती है."

भोजराजच्या तोंडातून वाडग्यापर्यंत एक लांब शेवई लोंबत होती. ती गिळावी तर लेकीची, थुंकावी तर अन्नाचा अपमान. तो तसाच बसून राहिला. समोर महागूनं वाडगा खाली ठेवला, मिशी पुसली आणि वर्षभरात पहिल्यांदा हसला.

"पंच कवा बलवू, भोजराजभाऊ?"

भोजराजनं शेवई गिळली. "ह्या शेवया तिच्याच कशावरून?"

"चाला, तिलेच पुसू."

तहसिलीचं काम महागू केव्हाच विसरला होता. भोजराज पाय ओढत होता, महागू त्याला ओढत होता. पुष्पलता ओट्यावर पाट तिरका लावून शेवयाच वळत होती, त्यामुळे पुरावा शोधायची गरजच उरली नाही.

"पुष्पा, चैतरामच्या हाटेलात तुह्याच शेवया जाते का?" महागूनं ओट्याखालूनच विचारलं.

"हौ काका. काहून?"

"तुह्या बापानं तीन वाडगे खाल्ले."

पुष्पलता उठून उभी राहिली. हाताला पीठ, डोळ्यांत पाणी. "खरंच, बाबा? आवडल्या तुमाले?"

इथं भोजराजनं नुसतं हौ म्हणायचं होतं. पण त्याच्या डोळ्यांपुढे पंच आले, गावजेवण आलं, दोनदा मागितलेली बुंदी आली. तो म्हणाला, "ठीकच होत्या. भुकेपायी खाल्ल्या. जराशा खारट होत्या."

तिचा चेहरा असा पडला की महागूचं हसूही विरघळलं. "लबाड बोलते, बेटा," तो म्हणाला. "वाडगा चाटला ह्यानं. मी डोळ्यानं पाह्यलं."

पुष्पलतेनं डोळे पुसले. गालाला पीठ लागलं. "आन तुमी किती खाल्ले, काका?"

"मी? दोनच."

"मी गावची लेक नोहो का मंग? माह्या लग्नात अक्षदा टाकताना तं तुमीच म्हनत होते, हे आमची सगळ्याइची लेक हाये म्हनून."

पंचांपुढे आता दोघांनाही उभं राहावं लागणार होतं. महागूनं मनाशी हिशेब केला आणि चपला काढल्या. "बुडालो तं बुडालो," तो म्हणाला. "दंड एकच बसते. पुष्पा, घरात अजून हाये का?"

तो सरळ आत जाऊन बसला. चैतरामकडून शिकलेल्या रश्श्याचं पातेलं चुलीवर होतंच. भोजराज मात्र ओट्यावरच राहिला. हॉटेलात चूक झाली, ती झाली. घरात रीत मोडणार नाही, असं त्यानं रिकाम्या लोट्याला सांगितलं. आतून महागूचा फुरका मारण्याचा आवाज येत होता. रश्श्याचा वास येत होता. भोजराज वाट पाहत होता की पुष्पा नेहमीसारखी ताट घेऊन दारात येईल. ती येईना. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं विचारलंच नाही आणि भोजराजला ते ताट किती हवं होतं हे पहिल्यांदा कळलं.

"पुष्पा," त्यानं शेवटी हाक मारली, "बापाले कोनी पुसत नाही का आज?"

"कशी पुसू, बाबा?" आतून आवाज आला. "तुमाले नातवाचं तोंड पाह्याचं असते ना आंधी. पाच महिने थांबा. मंग पोटभर वाढतो."

पाच महिनेच का, हे भोजराजच्या ध्यानात येईना. महागूच्या आलं. त्याला जोराचा ठसका लागला. तो ठसका ऐकून भोजराजच्या डोक्यात उजेड पडला आणि तो उठला. रीत ओट्यावर राहिली, लोटा ओट्यावर राहिला. तो चपलांसकट थेट चुलीपर्यंत गेला, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून लहान पोरासारखा रडला आणि रडता रडताच म्हणाला, "वाढ, बेटा. आता काय येईन तो दंड येऊ दे."

पुष्पलतेनं पातेल्यात पळी घातली आणि महागूकडे पाहिलं. महागूनं वाडगा पाठीमागे लपवला. पातेलं रिकामं होतं.